जुन्या पीसीचा सपोर्ट काढला म्हणजे नेमकं काय काढलं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आपल्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदललाय. आधी लोक विचारायचे की पीसी स्लो का झाला, आता विचारतात की हा पीसी ठेवू का टाकू. विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही म्हणून बरेच जण लिनक्सकडं, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडं, वळले, तिथं गेल्यावर कळलं की तिथंही जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट काढणं चालू आहे, आणि मग गोंधळ. या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. एक-दोन उत्तरं लांबली आहेत, पण विषय तसा आहे आणि अर्धवट सांगून कोणाचं मशीन भंगारात जावं असं मला वाटत नाही.

प्रश्न : भाऊ, आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर एक जुना पीसी हाय, २००८-०९ चा असंन. त्याच्यावर भाच्यानं लिनक्स टाकून देल्लं होतं, काटा बी चालते, डॉट मॅट्रिक्सवर पावती बी निंगते. आता तोच पोट्टा म्हणते का लिनक्सनं ३२ बिट बंद केलं, डेबियनचं नवीन येतच नाई, पीसी बदला. सीझन तोंडावर हाय, रोज शंभर गाड्या उभ्या रायतात. खरंच बंद पडन काय?
— जिनिंगवरचे एक काटेवाले, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, आज चालू आहे ते उद्या सकाळी बंद पडत नाही. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मुकादम समजा, प्रोग्रामला डिस्क पाहिजे, प्रिंटर पाहिजे, सिरीयल पोर्ट पाहिजे तर तो मधे उभा राहून हार्डवेअरकडून काम करून घेतो. ‘सपोर्ट काढला’ याचा अर्थ पुढच्या नव्या कर्नेलमधून ते काढलं. तुमच्या डिस्कवर जो कर्नेल बसलाय त्याला कोणी हात लावत नाही. फक्त त्यात पुढं काही भोक सापडलं तर ते बुजवणारं अपडेट एक दिवस यायचं थांबतं.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डेबियन हे लिनक्सचं एक तयार पॅकेज, म्हणजे डिस्ट्रिब्युशन. त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि त्यात ३२ बिट पीसीसाठी, म्हणजे मेमरीचे पत्ते ३२ बायनरी अंकांत मोजणाऱ्या जुन्या चिपांसाठी, कर्नेलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशननं हे २०१९ मध्येच केलं होतं. पण हे त्या-त्या डिस्ट्रिब्युशननं केलं. खुद्द लिनक्स कर्नेलमधून ३२ बिट एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या पीसी चिपांचं घराणं, अजून गेलेलं नाही. तिथं जे गेलंय ते तुकड्या-तुकड्यानं : २०१३ ला कर्नेलच्या ३.८ आवृत्तीमधून इंटेलची जुनी ३८६ चिप गेली, एप्रिल २०२५ मध्ये कर्नेलचे एक डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी तिच्यानंतरची ४८६ काढायचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मांडले, आणि मे २०२५ च्या ६.१५ मधून ३२ बिट मशीनवर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम आणि आठपेक्षा जास्त सीपीयू वापरायची सोय गेली. आता ३२ बिट मशीनमधे ४ जीबीच्या वर रॅम आणि आठाच्या वर सीपीयू, असा डबा आपल्याकडच्या कोणत्या काट्यावर आहे सांगा. तुमच्या पीसीला यातलं एकही लागू नाही.

आता खरी गोष्ट. तुमचा पीसी ३२ बिट आहे हे कोणी बघितलं? २००८-०९ चा म्हणताय, म्हणजे तो बहुतेक ६४ बिटच निघेल, माझं ऐका आणि आधी बघून घ्या.

असाच एक काटा मी दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजूला पाहिला. पीसी खोलीच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यात, बाहेर ट्रॅक्टरची रांग. कॅबिनेटचं झाकण काढलं तं पंखा दिसेच ना, हीटसिंकच्या पट्ट्यांमधे कापसाचा रेशा बसून बसून त्याचा गादीसारखा थर झाला होता, बोटानं ओढला तर अख्खा तुकडा निघून आला, खाली सरकीच्या टरफलाची भुकटी. मालक म्हणाले दुपारी मशीन आपोआप बंद होते, आता जुनं झालं. जुनं नव्हतं झालं हो, श्वास कोंडला होता त्याचा. ब्रशनं साफ केलं, ब्लोअर मारला, हीटसिंकखाली नवी पेस्ट लावली. मग टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही कमांड दिली, स्पेलिंग सगळं लहान अक्षरात. वरूनच पहिल्या-दुसऱ्या ओळीत लिहून येतं की सीपीयू कोणत्या मोडमधे चालू शकतो. तिथं ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही लिहिलेलं होतं. कोअर टू डुओ होता तो. इतकी वर्षं त्याच्यावर ३२ बिट लिनक्स चालू होतं कारण ज्यानं पहिल्यांदा टाकलं त्याच्याकडं त्या दिवशी तीच सीडी होती, बाकी काही कारण नाही.

असे पीसी खूप आहेत. एएमडीनं ६४ बिट चिप २००३ मध्ये बाजारात आणली, इंटेल मागोमाग आलं, कोअर टू डुओपासून तर, नेटबुकमधल्या काही अॅटम चिपा सोडल्या तर, सगळे ६४ बिटच. पण त्या काळी रॅम असायची १ जीबी नाहीतर २ जीबी, म्हणून दुकानदार ३२ बिट एक्सपी नाहीतर ३२ बिट विंडोज ७ टाकून द्यायचे, आणि मग घरच्यांच्या डोक्यात बसलं की आपलं मशीनच ३२ बिट. विंडोज १० असेल तर सिस्टिमच्या माहितीत बघा, ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलेलं असलं की समजायचं, डबा ६४ चा आहे आणि आत बसवलेली सिस्टिम ३२ ची.

तुमच्याकडंही तसंच निघालं तर ६४ बिट डेबियन टाका, पण सीझन संपल्यावर टाका आणि त्याआधी जुन्या डिस्कची अख्खी कॉपी करून ठेवा. काट्याच्या इंडिकेटरची केबल मागच्या नऊ पिनच्या सिरीयल पोर्टला असते, तो पोर्ट ६४ बिट कर्नेलमधे जसाच्या तसा चालतो. डॉट मॅट्रिक्सचा रुंद पॅरलल पोर्टही चालतो. काट्याचं सॉफ्टवेअर लिनक्सचं ३२ बिट प्रोग्राम असेल तरी चिंता नाही, ६४ बिट कर्नेलवर ३२ बिट प्रोग्राम चालतात, त्याच्या लायब्रऱ्या तेवढ्या टाकाव्या लागतात. हा फरक लोक विसरतात, ३२ बिट कर्नेल वेगळा आणि ३२ बिट प्रोग्राम वेगळा. डेबियन १३ मधे ३२ बिट पॅकेजं अजून आहेत ती याच कामासाठी.

अडचण कुठं येते, तर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, काळातला काट्याचा प्रोग्राम असेल तिथं. चिप ६४ बिट मोडमधे गेली की डॉसचे प्रोग्राम थेट चालवायचा जुना रस्ता चिपमधेच बंद होतो, म्हणून ६४ बिट विंडोजवर ते उघडतच नाहीत. लिनक्सवर डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरा, त्याच्या सेटिंगमधे खरा सिरीयल पोर्ट जोडून देता येतो. हिंगणघाटच्या त्या काट्यावर तेच केलं. इंडिकेटर २४०० च्या बॉड रेटवर, म्हणजे केबलवरून आकडे पाठवायच्या वेगावर, बोलत होता आणि आम्ही ९६०० लावून बसलो होतो म्हणून अर्धा तास नुसता कचरा अक्षरं येत होती, एवढंच काय ते अडलं.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा संगणक आहेत, देणगीत मिळालेले. मुलं त्यावर टायपिंग करतात, चित्रं काढतात, काही जण आता थोडं पायथनही करायला लागली आहेत. त्यातले चार अगदी जुने, पेंटियम ४ चे, तुम्ही मागे सांगितलं तसं तपासलं, ते खरोखरच ३२ बिट आहेत. माझा प्रश्न साधा आहे. चालणारी वस्तू कोणी का बंद पाडावी? कोडमध्ये चार ओळी पडून राहिल्या तर कोणाचं काय बिघडतं? शहरातल्या लोकांना नवीन मशीन परवडतं म्हणून आमच्या मुलांचं काढून घ्यायचं का?
— एक शिक्षक, मोर्शी तालुका, अमरावती जिल्हा

उत्तर : सर, तुमचा राग मला समजतो, आणि शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मी कर्नेलवाल्यांची वकिली करायला बसलेलो नाही. पण चार ओळी पडून राहिल्या तर काय बिघडतं, याचं उत्तर खरंच आहे, आणि ते नीट कळलं तर तुमचे चार पीसी कसे टिकवायचे तेही कळेल.

हायमेम म्हणून एक सोय आहे कर्नेलमधे, तिचंच उदाहरण घेतो. ३२ बिट चिप मेमरीच्या खणांना जे नंबर देते ते ३२ अंकी बायनरी नंबर असतात, म्हणजे एकूण ४२९ कोटींच्या वर नंबर, म्हणजे ४ जीबी, बस्स, त्याच्या पलीकडं नंबरच नाही. त्या ४ जीबीतले ३ जीबीचे नंबर लिनक्स चालणाऱ्या प्रोग्रामला देतं आणि १ जीबीचे स्वतःकडं ठेवतं. त्या १ जीबीतूनही थोडी जागा इतर कामाला सोडावी लागते, म्हणून कर्नेलला सरळ हात घालता येतो अशी मेमरी उरते ८९६ एमबी. सुरुवातीला याची काही अडचण नव्हती कारण तेवढी रॅम होती कोणाकडं? लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ वर लिनक्स सुरू केलं तिथं रॅम एमबीत मोजायची.

मग रॅम स्वस्त झाली, १ जीबी, २ जीबी, ४ जीबी. आता ८९६ एमबीच्या वरची मेमरी कर्नेलनं वापरायची कशी? तर हायमेम. आपल्याकडं भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात ना, तसं समजा. घरात मावला तो घरात, हात लांब केला की मिळतो. जो नाही मावला तो शेजाऱ्याच्या कोठ्यात. तो बघायचा असेल तर प्रत्येक वेळी चावी आणा, कुलूप उघडा, काम करा, कुलूप लावा, चावी परत द्या. आणि चाव्या मोजक्याच. एवढं करूनही चाललं असतं, पण खरा त्रास पुढं आहे. घरातल्या प्रत्येक माणसाला आता कोणतंही पोतं उचलायच्या आधी विचारावं लागतं की हे पोतं घरातलं का कोठ्यातलं. फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याला विचारावं लागतं, नेटवर्कवाल्याला, डिस्कवाल्याला. जो माणूस आयुष्यात ३२ बिट मशीनला हात लावणार नाही त्यालाही आपल्या कोडमधे ते कुलूप-चावीचं लिहावं लागतं, आणि त्यानं विसरलं तर त्याच्या स्वतःच्या ६४ बिट मशीनवर काहीच बिघडत नाही, बिघडतं तुमच्या शाळेतल्या पीसीवर. ते त्याला कळणार कसं? कोणी सांगितलं तरच.

६४ बिटवर हा प्रकारच नाही. तिथं घर एवढं मोठं की नेहमीच्या चिपवर २५६ टीबीपर्यंतचे पत्ते बसतात, सगळा कापूस घरातच.

म्हणून सर, चार ओळी पडून राहत नाहीत. कर्नेल हे चालतं शेत आहे, दर दोन-अडीच महिन्यांनी नवीन आवृत्ती येते आणि प्रत्येकीत दहा हजारांच्या वर बदल असतात. आतली रचना बदलली की त्या चार ओळीही बदलाव्या लागतात आणि बदलल्यावर चालतात का ते खऱ्या मशीनवर बघावं लागतं. बघणारा कोणी उरला नाही की त्या ओळी कागदावर सपोर्ट दाखवतात आणि प्रत्यक्षात मशीन बूटच होत नाही. अशानं जास्त नुकसान होतं, कारण माणूस आशेनं टाकायला जातो.

आता हे बघा. २०१८ मध्ये ४.१७ मधून एकदम आठ आर्किटेक्चर, म्हणजे चिपांची घराणी, गेली : ब्लॅकफिन, क्रिस, एफआरव्ही, एम३२आर, मेटाग, एमएन१०३००, स्कोअर, टाइल. जवळपास पाच लाख ओळी. कर्नेलचे डेव्हलपर आर्न्ड बर्गमन यांनी ते काम केलं आणि आधी विचारलं की कोणी वापरतं का, कोणी सांभाळायला तयार आहे का. यातली नावं सामान्य माणसानं ऐकलेलीही नाहीत, छोट्या-छोट्या उपकरणांतल्या चिपा होत्या. आयटेनियम घ्या, इंटेलची मोठ्या सर्व्हरची महागडी ६४ बिट चिप, २००१ मध्ये आली. इंटेलनं शेवटचा माल २०२१ मध्ये पाठवला आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ मधून ती गेलीसुद्धा. म्हणजे पैसेवाल्यांचं राहतं आणि गरिबाचं जातं असं नाही, आयटेनियमइतकी महाग मशीनं आपल्या जिल्ह्यात कोणाकडं नसतील.

आणि आता याच्या उलट. मोटोरोलाच्या ६८००० घराण्याच्या चिपा, जुन्या अमिगा, अटारी आणि अॅपलच्या मॅकिंटॉशमधल्या, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या. आयटेनियमपेक्षा कितीतरी जुन्या. त्यांचा सपोर्ट लिनक्समधे अजून आहे! का? कारण काही लोक आजही ती मशीनं चालू करतात, नवा कर्नेल टाकून बघतात, बिघडलं की दुरुस्ती पाठवतात. बास, एवढंच कारण. चिप किती जुनी आहे हे कोणी बघत नाही, तिच्यामागं माणूस उभा आहे का हे बघतात. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडं हीच कोणी सांगत नाही.

कधी कधी तर ‘काढलं’ हा शब्दच फसवतो. २०२१ च्या ५.१४ मधून जुना आयडीई ड्रायव्हर काढला. वाचणाऱ्याला वाटेल गेल्या आपल्या रुंद पट्टीच्या केबलच्या हार्डडिस्क. पण त्या डिस्क चालवणारा दुसरा नवा ड्रायव्हर कितीतरी वर्षांपासून तयार होता, लोक तोच वापरत होते, डुप्लिकेट तेवढा गेला. शाळेतली आयडीई डिस्क आजही चालते.

तुमच्या चार पेंटियम ४ चं काय करायचं ते सांगतो. डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती टाका, तिला जून २०२८ पर्यंत एलटीएसची, म्हणजे लांबवलेल्या सुरक्षा अपडेटची, मुदत आहे. ते जड जात असेल तर अँटिएक्स २३, तेही डेबियन १२ वरच उभं आहे, ३२ बिटमधे मिळतं आणि ५१२ एमबी-१ जीबीवर हलकं चालतं. डेबियन १२ वरून १३ वर न्यायचा प्रयत्न करू नका, ३२ बिट मशीनसाठी तो रस्ता बंद आहे. पायथन, चित्रकला, टायपिंग हे सगळं नेटशिवाय होतं, तर या चारांची नेटची केबल काढून ठेवा आणि उरलेल्या सहांवर नेट द्या. अशा वापराला अपडेटची तशी निकड राहत नाही, तो पीसी मुलं वाकडातिकडा दाबत शिकण्यासाठी अजून बरीच वर्षं उपयोगी पडेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र झाकून ठेवा आणि जूनमधे चालू करायच्या आधी आतली बॅटरी, नाण्यासारखी असते ती, बदला. आपल्याकडच्या ४५-४६ डिग्रीत बंद खोलीत कर्नेलच्या आधी कॅपॅसिटर फुगतात.

प्रश्न : मी गावात सेवा केंद्र चालवते. माझ्याकडे एक छोटा नेटबुक आहे, अॅटम एन२७०, १ जीबी रॅम. त्यावर लिनक्स टाकलंय आणि बॅकअप म्हणून लोकांचे सातबारा, आधारची कामं, बँकेचे फॉर्म त्यावरून करते, मुख्य पीसी लाइटवर चालतो आणि लाइट गेली की हाच आधार. ब्राउझर आता अपडेट होत नाही असा मेसेज येतो. चालेल ना असंच?
— एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : ताई, नाही चालणार. इतर कोणाला मी जुनं मशीन जपा म्हणतो, तुम्हाला स्पष्ट नाही म्हणतो, कारण त्या नेटबुकवर तुमचं नाही, गावातल्या दुसऱ्या लोकांचं आधार आणि बँक आहे. त्यांनी तुमच्या भरवशावर अंगठा दिलाय.

एन२७० खरोखरच ३२ बिट आहे, त्यात ६४ बिट टाकताच येत नाही. आणि तुमच्याकडं कर्नेलच्या आधी ब्राउझर संपलाय. क्रोमनं लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनं १४४ नंतर सोडलं, १४५ पासून ३२ बिट लिनक्सला नवं फायरफॉक्स नाही, फक्त १४० च्या ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी सुरक्षेचे अपडेट देऊ असं मोझिलानं सांगितलंय. नेटवरचा धोका सगळ्यात आधी ब्राउझरमधूनच आत येतो.

कर्नेलचंही तसंच एक जुनं उदाहरण आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचं चिपमधलं मोठं भोक जाहीर झालं, त्याच्यावरचा उपाय ६४ बिट कर्नेलला त्याच महिन्यात ४.१५ मधे आला, ३२ बिट कर्नेलला ऑक्टोबरमधे ४.१९ मधे. नऊ महिने. तुमचा अॅटम त्या भोकातून वाचलेला, त्याची रचना साधी आहे, एकामागून एक सरळ काम करतो म्हणून. पण ३२ बिटवाल्यांना रांगेत किती मागं उभं राहावं लागतं ते यातून दिसतं, आणि तेव्हा तर सांभाळणारे लोक आजच्यापेक्षा जास्त होते.

लाइटचा प्रश्न असेल तर मुख्य पीसीला यूपीएस घ्या, नाहीतर सेकंडहँड ६४ बिट लॅपटॉप बघा, ४ जीबी रॅमचा. नेटबुकवरून आधी सेव्ह केलेले लोकांचे पीडीएफ, स्कॅन, ब्राउझरमधले पासवर्ड सगळं पुसा, नुसतं डिलीट नाही, डिस्क नव्यानं फॉरमॅट करून टाका. मग तो मुलांना टायपिंगच्या सरावाला द्या, छोटा कीबोर्ड आहे, लहान बोटांना बरोबर बसतो.

प्रश्न : २०३८ मध्ये जुने कॉम्प्युटर बंद पडणार असं यूट्यूबवर पाहिलं. खरं आहे का?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : खरं आहे, पण सगळ्यांना लागू नाही. जुन्या ३२ बिट सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि ३२ बिटच्या खणात ते मोजणं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतं. त्याच्या पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये जातं. ६४ बिट सिस्टिमला हे नाही. ३२ बिट लिनक्स कर्नेलमधे २०२० च्या ५.६ पासून दुरुस्ती आहे, पण वरचे प्रोग्रामही नव्या पद्धतीनं बनवलेले पाहिजेत. डेबियन १३ मधे बाकीच्या ३२ बिट आर्किटेक्चरना तसं बनवलं आणि जुन्या पीसीचं आय३८६ तेवढं मुद्दाम तसंच ठेवलं, कारण ते आता फक्त जुने प्रोग्राम चालवण्यापुरतं आहे आणि बदललं असतं तर तेच प्रोग्राम मोडले असते. तुमच्याकडं पंपाचा कंट्रोलर, हजेरीचं मशीन असं काही बंद डब्यातलं असेल तर ते विकणाऱ्याला आत्ताच विचारून ठेवा.

प्रश्न : सर, मी डिप्लोमा करतो, गाव गडचिरोलीच्या आत आहे. घरी पेंटियम ४ आहे, ३२ बिट, १ जीबी. सगळे म्हणतात विकून टाक, भंगारवाला शे-दोनशे देईल. मले त्याच्यावर कर्नेलचं काही शिकायचं हाय. याच्यावर काही होऊ शकते का आता, का उशीर झाला?
— एक विद्यार्थी

उत्तर : अरे विकू नको! मोर्शीच्या सरांना वर जे लिहिलंय ते वाच, मशीनमागं माणूस लागतो म्हणून, तो माणूस तू होऊ शकतोस. खरा ३२ बिट पीसी चालू हालतीत असणारे लोक कमी होत चाललेत, तुझ्याकडं तो आहे, वेळ आहे, आणि शिकायची इच्छा आहे.

काम असं. नवीन कर्नेल निघाला की दोन आठवडे त्यात नवे बदल घेतात, मग सहसा दर रविवारी एक चाचणी आवृत्ती येते, आरसी१, आरसी२ अशा सात-आठ, आणि मग पक्की. तू आरसी आवृत्ती तुझ्या पेंटियम ४ वर चालवून बघायची. एवढंच. चालली तर उत्तम, नाही चालली तर तू सापडवलेली गोष्ट कदाचित जगात दुसऱ्या कोणी बघितलेलीच नसेल.

कंपाइल, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नेल बनवणं, त्याच मशीनवर करू नको, अख्खी रात्र जाईल. कॉलेजच्या लॅबमधे नाहीतर मित्राच्या ६४ बिट लॅपटॉपवर ३२ बिटसाठी कंपाइल करता येतं, मग पेन ड्राइव्हवर घरी आण. कॉन्फिग करताना तुझ्या पीसीत नाही ते सगळं बंद कर, वायफाय, ग्राफिक्स कार्डांची रांग, कंपाइल अर्ध्याहून कमी वेळात होतं. लोकलमॉडकॉन्फिग म्हणून एक सोय आहे ती हेच करते, घरच्या पीसीवरची चालू मॉड्यूलची यादी एका फाइलमधे घे आणि तिला दे. जुना चालणारा कर्नेल ग्रबच्या, म्हणजे पीसी चालू होताना येणाऱ्या, यादीतून कधीच काढायचा नाही, नवा नाही उठला तर रीस्टार्ट करून जुन्यात परत.

आणि बिघडलंच तर गिट बायसेक्ट शिक, मला स्वतःला कर्नेलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. मागची आवृत्ती चालत होती, ही नाही, मधे समजा पंधरा हजार बदल आहेत. बायसेक्ट तुला बरोबर मधला देतो, तू चालवून सांगायचं चांगला की वाईट, मग उरलेल्या अर्ध्यातला मधला. पंधरा हजारांतून चौदा फेऱ्यांत नेमका एक बदल हातात येतो, आणि तो कोणाचा, कोणत्या तारखेचा, सगळं लिहिलेलं असतं. चौदा फेऱ्या म्हणजे तुझे चार-पाच रविवार जातील. मग त्या बदलाचं नाव, तुझा सीपीयू, डीमेसेजचं, म्हणजे कर्नेलच्या संदेशांचं, आउटपुट, आणि स्क्रीनवर अडकलेल्या शेवटच्या ओळी हातानं टाइप करून मेलमधे पाठव, साधा टेक्स्ट मेल, फोटो नको. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, तिथं फिनलंडपासून जपानपर्यंत सगळे तसंच लिहितात. चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली तर दुरुस्त करायची नाहीतर बदल मागं घ्यायचा, हा तिथला जुना आणि कडक नियम आहे, म्हणून तुझा मेल कोणी फेकून देणार नाही.

३८६ काढताना इंगो मोल्नार यांनीच टोरवाल्ड्सना लिहिलं होतं की आता तुमचा १९९१ चा ३८६ डीएक्स-३३ नव्या कर्नेलवर उठणार नाही, आणि टोरवाल्ड्स म्हणाले मी भावुक होत नाही, जाऊ दे. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मशीनचं हे झालं कारण ३८६ सांभाळण्यासाठी कर्नेलवाल्यांना वर्षानुवर्षं जास्तीचं काम करावं लागत होतं. तुझा पेंटियम ४ अजून त्या जागी गेलेला नाही.

तुमच्याकडं लाइट जाते म्हणून एक सांगतो. कंपाइल चालू असताना लाइट गेली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, परत मेक ही कंपाइलची कमांड दिली की झालेल्या फाइली सोडून पुढं चालतं. एखाद्या फाइलवर विचित्र एरर येऊन अडकलं तर ती लाइट जाताना अर्धवट लिहिली गेली असते, त्या नावाची डॉट ओ फाइल तेवढी डिलीट कर आणि पुन्हा मेक दे.